त्रिकोणांची टोकं शाबूत ठेवताना

क्विल्टमध्ये, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून केलेल्या गोधडीत, चौकोनाला चौकोन जोडणं मला जमत होतं, म्हणून पुढचा ब्लॉक (गोधडीचा एक चौकोनी भाग) ‘सॉटूथ स्टार’ हा ताऱ्याचा घेतला. तयार माप, म्हणजे सगळं शिवून झाल्यावरचं, ८ इंच. मधे ४ इंचांचा चौकोन, कोपऱ्यांत २ इंचांचे चार चौकोन आणि चारही बाजूंना २ बाय ४ इंचांचा ‘फ्लाइंग गीस’, म्हणजे एक मोठा त्रिकोण आणि त्याच्या दोन्ही खांद्यांवर दोन छोटे. हे आठ छोटे त्रिकोण म्हणजेच ताऱ्याची टोकं. टोक जरा जरी शिवणीत गेलं तरी तारा बोथट दिसतो. मला ही टोकं धारदार हवी होती. त्यामुळे जपून ठेवलेल्या कापडाला हात लावण्याआधी उरल्यासुरल्या तुकड्यांवर एकेक गोष्ट पारखून घ्यायची ठरवली.

सुरुवात पाव इंचाच्या शिवणीपासून केली. मशीनच्या फूटवर किंवा पट्टीवर पाव इंचाची खूण असते, पण मला हवी होती ती शिवून, उलगडून, इस्त्री केल्यावर भरणारी पाव इंच. कापड शिवणीवर दुमडतं तेव्हा एक-दोन धाग्यांची जागा त्या घडीतच जाते. म्हणून शिवण पाव इंचाला किंचित कमी घ्यावी लागते. ती किती कमी, हे ठरवायला दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या एकमेकींना जोडल्या. एकूण रुंदी साडेतीन इंच आणि मधली पट्टी बरोबर एक इंच भरली पाहिजे. सुईची जागा आणि मशीनवर खुणेसाठी लावलेल्या चिकटपट्टीची कड केसभर सरकवत राहिले, मधली पट्टी मापात येईपर्यंत. कंटाळवाणं काम आहे, पण हे टाळून पुढे जाऊ नये असं मी आग्रहाने सांगेन. एका ओळीत आठ तुकडे असले तर शिवणी सात. प्रत्येक शिवणीत दोन्ही तुकड्यांतून अर्धं अर्धं सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त गेलं तर ओळ सात सुतांनी, म्हणजे जवळजवळ इंचभर आखूड होते.

मग कापायच्या मापाचा प्रश्न. चौकोनाला तयार मापात अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीत जाणारं कापड, धरली की झालं. त्रिकोणाला तेवढी पुरत नाही, कारण तिरक्या बाजूची पाव इंच माया ४५ अंशांच्या टोकाकडे लांब सरकते. चौकोन कर्णावर कापून दोन त्रिकोण काढायचे असतील तर तयार मापात सात सूत मिळवा, असं सगळे सांगतात. हा आकडा कुठून आला ते मला समजून घ्यायचं होतं. हिशेब मांडला: पाव इंच गुणिले (२ अधिक २ चं वर्गमूळ), उत्तर ०.८५४ इंच. सात सूत म्हणजे ०.८७५. पट्टीवर मोजता यावं म्हणून आकडा वर ढकललाय आणि त्यातून हाताशी उरतो जेमतेम अर्धा मिलिमीटर. हे कळल्यावर माझा निर्णय झाला. एवढ्याशा सवडीवर विसंबायचं नाही. तुकडे थोडे मोठे करायचे आणि शिवून झाल्यावर छाटून मापात आणायचे. कापड थोडं जास्त जातं. जाऊ द्यावं.

त्रिकोणाची खरी अडचण त्याच्या लांब बाजूत असते. कापडाच्या उभ्या किंवा आडव्या धाग्यावर कापलेली कड ताण सहन करते, उरेब, म्हणजे धाग्यांना तिरकी कापलेली, कड मात्र नुसत्या हाताळण्यानेही लांबते. यावर मला उपयोगी पडल्या त्या दोन गोष्टी. पहिली खळ. कापण्याआधी कापडाला खळ लावून, ती पूर्ण मुरू देऊन, वाळल्यावर इस्त्री केली की कापड कागदासारखं उभं राहतं. दुसरी, आधी शिवायचं आणि तिरकं मागाहून कापायचं.

फ्लाइंग गीसचे चार तुकडे एकदम करण्याची रीत याच तत्त्वावर आहे. मोठा चौकोन तयार रुंदीपेक्षा सव्वा इंच जास्त, म्हणजे सव्वापाच. छोटे चार चौकोन तयार उंचीपेक्षा सात सूत जास्त, म्हणजे २ इंच ७ सूत. मी साडेपाच आणि ३ इंचांचे घेतले. दोन छोटे चौकोन मोठ्याच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांवर, सुलट बाजूवर सुलट बाजू ठेवून, कर्णावर पेन्सिलची रेघ मारायची. रेघेच्या दोन्ही अंगांना पाव इंचावर शिवण घालायची आणि मग रेघेवर कापायचं. छोटे त्रिकोण बाहेर उलगडून इस्त्री केली की दोन बदामासारखे आकार मिळतात. प्रत्येकाच्या उरलेल्या कोपऱ्यावर एकेक छोटा चौकोन ठेवून तेच परत करायचं. चारही तुकड्यांच्या बाहेरच्या कडा सरळ धाग्यावर येतात, उरेब सगळी शिवणीत बंद होते. मला ही रीत फार आवडते.

काही बारकावे. शिवण एखाद्या चिंधीवर सुरू करून मग तुकड्यावर न्यावी, नाहीतर मशीन कोपरा खाली ओढून घेते. टाका २ मिलिमीटरचा ठेवला, कारण कडा छाटताना लांब टाका लगेच सैल होतो. आणि इस्त्री दाबून उचलायची, कापडावरून ओढायची नाही. आधी शिवण मिटलेलीच दाबायची, मग उलगडायची. वाफ मी बंदच ठेवली.

छाटणीला मी सगळ्यात जास्त वेळ दिला. मायेसकट अडीच बाय साडेचारचा तुकडा हवा. मोठ्या त्रिकोणाचं टोक वरच्या कडेपासून बरोबर पाव इंच आत आणि खालचे दोन्ही कोपरे दोन्ही तिरक्या शिवणींवर, एवढं जुळलं पाहिजे. पट्टीची ४५ अंशांची रेघ शिवणीवर ठेवायची, पाव इंचाची खूण टोकावर आहे ना ते बघायचं आणि मगच कटर फिरवायचा. दोन बाजू छाटल्या की तुकडा फिरवून उरलेल्या दोन. टोकाजवळचा तो पाव इंच म्हणजे पुढच्या शिवणीची माया. तो कमी पडला तर टोक कापलं जाणारच, पुढे कितीही जपून शिवा.

जोडताना त्रिकोणाचा तुकडा नेहमी वर, उलट बाजू आपल्याकडे. दोन तिरक्या शिवणी जिथे एकमेकींना छेदतात तिथे फुली दिसते. सुई त्या फुलीवरून किंवा धागाभर मायेच्या बाजूने गेली की टोक पलीकडे अखंड उमटतं. वरच्या आणि खालच्या ओळीच्या शिवणी कोपऱ्याच्या चौकोनांकडे वळवल्या, मधल्या ओळीच्या मधल्या चौकोनाकडे. त्यामुळे ओळी जोडताना शिवणी विरुद्ध दिशांना बसून एकमेकींत अडकल्या. टाचण्या लावल्या त्या फक्त या सांध्यांवर, सरळ आरपार.

शेवटच्या दोन लांब शिवणी एका बाजूला न वळवता उघडून दाबल्या, कारण टोकांपाशी बरेच थर येतात आणि ब्लॉक तिथे फुगतो. पट्टी ठेवून मोजला: बाहेरच्या मायेसकट साडेआठ बाय साडेआठ, आठही टोकं जागेवर. मग ते जपून ठेवलेलं निळं कापड काढलं आणि खळ लावायला घेतली.