बोरन्हाणाचे फोटो

रविवार, १८ जानेवारी २०२६

धाकट्याचं बोरन्हाण एकदाचं पार पडलं. काळं झबलं, हलव्याचे दागिने (मुकुट दोन मिनिटंही टिकला नाही), आणि बिल्डिंगमधली यच्चयावत पोरं जमिनीवर पालथी पडून बोरं-गोळ्या वेचतायत. भोवती मोठ्यांचं कडं, प्रत्येकाचा मोबाईल वर.

रात्री नणंदेचा फोन. "वहिनी, रील टाकू का? फार गोड झालंय." मी नको म्हटलं. ती थोडी फुगली. आपल्या पोराचं आपण ठरवू, हे तिचं म्हणणं एकवेळ मान्य. पण त्या रीलमध्ये तो एकटा नाही. वरच्या मजल्यावरची मुलगी आहे. ती आजोळी राहायला आलीय आणि तिच्या आईवडिलांचं कोर्टात चाललंय. मागे आमच्या दारावरची आडनावाची पाटी स्पष्ट वाचता येते. ती पोर कुठे राहते हे गावाला सांगणारी मी कोण? बोरं लुटायला बोलावलं, म्हणजे फोटोचीही परवानगी मिळाली असं थोडंच असतं.

हे म्हणे, "आता कायदा झालाय ना?" झालाय, २०२३ चा डिजिटल माहिती-संरक्षणाचा. अठराच्या आतल्या मुलाची माहिती कंपनीला वापरायची तर पालकांची संमती हवी, मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायच्या नाहीत, वगैरे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, मुलांबद्दलची कलमं लागू व्हायला अजून वेळ आहे. पण मुळात घरगुती कारणासाठी केलेला वापर त्या कायद्यातून वगळलाय. म्हणजे आई, आत्या, आजोबा सगळे मोकळे. फ्रान्सने २०२४ मध्ये थेट आईवडिलांनाच धरलं: मुलाचे फोटो टाकताना त्याच्या वयाप्रमाणे त्यालाही विचारात घ्या, आणि दोघांत वाद झाला तर न्यायाधीश एकाला मनाई करू शकतो. आपल्याकडे असा वाद स्वयंपाकघरातच मिटवायचा.

सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या खासगीपणाच्या निकालात न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी मुलांबद्दल वेगळं लिहिलंय: लहानपणी इंटरनेटवर केलेल्या चुका त्यांना आयुष्यभर भोवू नयेत. ते मुलांनी स्वतः टाकलेल्या गोष्टींबद्दल. आमच्या धाकट्याला तर अजून बोलताही येत नाही, त्याच्या वतीने आम्हीच टाकायला निघालोय.

सासूबाईंची अडचण मात्र खरी होती. "अगं, पण नागपूरच्या मावशींना कसं दिसणार?" त्यांना गुडघ्यांमुळे येता आलं नाही. त्यांना मी निवडून चार फोटो वेगळे पाठवले. अंघोळीचे कुणालाच नाहीत. दीर म्हणतात, "डॉक्युमेंट म्हणून पाठव, क्वालिटी राहते." राहते खरी, पण फोटो काढताना फोनचं लोकेशन चालू असेल तर घराचा ठावठिकाणाही सोबत जातो. साधा फोटो म्हणून व्हॉट्सॲपवर पाठवला की तो ठावठिकाणा गळून पडतो. मावशींना हलव्याचे दाणे मोजायचे नाहीत, साधाच पुरे.

शेजारणींना उद्या विचारणार आहे. कुणी नको म्हटलं तर ते फोटो आमच्याकडेही ठेवणार नाही. हे सांगताना जरा ओशाळल्यासारखं होईल, कारण असं विचारायची आपल्यात पद्धत नाही.

थोरलीला आज विचारलं. तिने शांतपणे एकेक फोटो पाहिला. "मी गोळ्या ढापतेय तो नको. बाकी चालतील." मग लगेच, "आणि आबांच्या फेसबुकवर माझा बालवाडीतला परीच्या ड्रेसमधला फोटो आहे, तो काढायला सांग. वर्गातल्या एकाला सापडलाय."

आबा बिचारे तयार आहेत. त्यांना पासवर्ड आठवत नाही, आणि खात्याला जोडलेला नंबर बंद पडलेल्या सिमचा आहे.