घाट उतरताना गिअर काढू नका

माझं माहेर कराड, सासर चिपळूण, मधे कुंभार्ली घाट. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. हेळवाक मागे पडलं की पुढचं एकेक वळण पायाला पाठ आहे. तरीही डिसेंबर २०२१ मध्ये याच घाटात ब्रेकचं पॅडल माझ्या पायाखाली मऊ पडत पार खाली गेलं. तेव्हापासून भेटेल त्याला मी एकच गोष्ट सांगत असते. आज नीट लिहूनच काढते.

गाडी मला वडिलांनी, म्हणजे आप्पांनी शिकवली, १९९७ च्या मारुती ८०० वर. कार्बोरेटरची गाडी आणि बेताचा पगार. उतार लागला की आप्पा गिअर काढून गाडी न्यूट्रलला टाकायचे. रस्ता सरळ आणि मोकळा असला तर इंजिनही बंद करायचे. "उताराला पेट्रोल कशाला जाळायचं?" त्या गाडीपुरतं त्यात थोडं तथ्य होतं. कार्बोरेटरच्या इंजिनात ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन फिरतंय तोवर थोडं पेट्रोल ओढलं जातंच. मी तेच बघत शिकले. पुढे ८०० विकली, २०१२ मध्ये आम्ही वॅगनआर घेतली, पण माझी सवय ८०० चीच राहिली.

त्या दिवशी गाडीत आम्ही पाच जण, डिकीत ज्वारीचं पोतं आणि गुळाच्या ढेपा. घाट अर्धा उतरल्यावर जळका वास आला. मला वाटलं, पुढच्या ट्रकचा असेल. दोन वळणं गेली आणि पॅडल खाली गेलं, गाडीचा वेग मात्र तसाच. भराभर पंप केलं तेव्हा कुठे थोडा ब्रेक लागला. तिसरा टाकला, मग दुसरा. इंजिन ओरडलं, पण गाडी आवरली. हँडब्रेक हळूहळू ओढत डोंगराच्या बाजूला उभी केली. सासूबाई मागच्या सीटवर धाकट्याला घट्ट धरून बसल्या होत्या. चाकांजवळ हात नेववत नव्हता इतकी धग होती. अर्धा तास आम्ही तिथंच बसलो आणि मग दुसऱ्या गिअरमध्ये, पायी चालल्यासारखे पोफळीला उतरलो.

चिपळूणच्या आमच्या मिस्त्रींनी ब्रेक ऑइल काढून दाखवलं. काळ्या चहासारखं. "ताई, हे शेवटचं कधी बदललं?" मी गाडीची वही ठेवते. इंजिन ऑइल, फिल्टर, प्लग, बॅटरी, सगळ्याच्या तारखा त्यात आहेत. ब्रेक ऑइलची नोंद नऊ वर्षांत एकही नव्हती.

हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. नवीन डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) २०५ अंशांच्या पुढे उकळतं, पण ओलावा मुरला की हा आकडा १४० च्या आसपास येऊ शकतो. घाटात चाकाला घासून थांबवणारे पॅड आणि लायनर तापले की ती उष्णता ऑइलपर्यंत जाते, ऑइल उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात. पाय मग त्या बुडबुड्यांनाच दाबत राहतो, जोर चाकापर्यंत पोचत नाही. त्यात आमची गाडी त्याच वर्षीच्या जुलैत चिपळूणला आलेल्या महापुरात अर्धी चाकं बुडेपर्यंत उभी होती. इंजिन ऑइल बदललं, गिअर ऑइल बदललं, कार्पेट उन्हात वाळवलं. ब्रेक ऑइल मात्र कुणालाच आठवलं नाही. आता दर दोन वर्षांनी बदलते. एका सर्व्हिसिंगच्या बिलापुढे हा खर्च किरकोळ आहे.

पण ऑइल जुनं होतं एवढ्यावर मी स्वतःला सोडत नाही. ते उकळण्याइतकं तापलं, कारण गाडीत बसलेल्या आम्हा सगळ्यांचं आणि गाडीचं वजन मी एकट्या ब्रेकवर तोललं होतं.

पेट्रोलच्या बचतीचं म्हणाल तर हिशेब उलटा आहे. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल तोडतो. इंजिन फिरतं ते चाकांच्या जोरावर. वेग अगदी कमी झाला की पेट्रोल परत सुरू होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला सतत पेट्रोल लागतं. म्हणजे एवढी वर्षं वाचवतोय असं समजून मी पेट्रोल जाळत होते आणि लायनरही घासत होते.

इंजिनच बंद करणं तर त्याहून वाईट. ब्रेक दाबायला पायाला मदत करणारा जो बूस्टर असतो तो इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन बंद झालं की दोन-तीन वेळा दाबण्यापुरती मदत उरते, मग पॅडल दगडासारखं होतं. पॉवर स्टिअरिंग जातं, आणि चावी जास्त फिरली तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकतं. पुण्यात २० नोव्हेंबर २०२२ ला नवले पुलाजवळ एका अवजड वाहनाने बऱ्याच गाड्यांना धडक दिली. कात्रजच्या नव्या बोगद्यापासूनच्या उतारावर चालकाने इंजिन बंद केलं होतं, असं पोलिसांनी सांगितलं. ती बातमी वाचली तेव्हा तो जळका वास परत नाकात आला.

ज्या गिअरमध्ये घाट चढायला लागतो, त्याच गिअरमध्ये उतरायचा. आमच्या घाटाला बहुतेक ठिकाणी दुसरा, मोकळ्या तुकड्यात तिसरा. ब्रेक सतत घासत ठेवायचा नाही. वळणाआधी नीट दाबायचा, वेग उतरवायचा आणि पाय काढायचा, म्हणजे ब्रेक थंड व्हायला वेळ मिळतो. आवाज वाढला म्हणून इंजिन खराब होत नाही. पुतणीची गाडी ऑटो गिअरची आहे, तिला मी मॅन्युअलवर टाकून उतरायला लावते.

आणि चढणाऱ्याला आधी जाऊ द्या. रस्ता अरुंद असेल तिथे उतरणाऱ्याने थांबायचं, हा नियमच आहे. शिवाय जुलैच्या धुक्यात कोयनानगरच्या पुढे चारही इंडिकेटर लावून चालणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. तुम्ही वळणार कुठे ते मागच्याला कळत नाही. हेडलाइट डिपरवर, म्हणजे खालच्या झोतावर ठेवा, बास.

टायरचंही सांगते. टायरवर चार आकडे असतात, २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत आहे म्हणून सात-आठ वर्षांचा टायर घेऊन पावसात घाटात येऊ नका. रबर कडक झालेलं असतं.

२०२७ मध्ये आमच्या गाडीला पंधरा वर्षं होतील. पुन्हा पासिंग करायचं तर नुसती नोंदणीची फीच ५००० रुपये, २०२२ च्या आधी ती ६०० होती. पैशासाठी मी ही गाडी सोडणार नाही. मन खातं ते दुसऱ्याच गोष्टीने. हिला एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही, एअरबॅग नाही. २०१९ पासून नव्या गाड्यांना दोन्ही सक्तीचं झालं. मुलगा आता लायसन्स काढतोय, आणि ही गाडी त्याच्या हातात देऊन त्याला या घाटात पाठवायला माझं मन धजत नाही. बहुतेक नवी घ्यावीच लागेल.

घाटातली ती गोष्ट मी आप्पांना बरेच दिवस सांगितली नव्हती. गेल्या दिवाळीत सांगितली. ते कितीतरी वेळ गप्प बसले. मग विचारलं, "ब्रेक ऑइल किती वर्षांनी म्हणालीस?"

"दोन."

त्यांनी फोन उचलला आणि धाकट्या भावाला लावला.