शंभराव्या दिवसापर्यंतचा सीएमव्ही आणि वर्षभराची अ‍ॅसायक्लोविर

"मास्क काढला नाही, पाणी उकळून दिलं, कुणाला भेटू दिलं नाही, मग हा व्हायरस आला कुठून?" दात्याच्या मूळ पेशींचं (बोन मॅरो) प्रत्यारोपण झालेल्या पेशंटच्या घरचे हे हमखास विचारतात. त्यांच्या काळजीत काही कमी पडलेलं नसतं. हर्पिस कुळातले विषाणू बहुधा लहानपणीच अंगात शिरतात आणि जन्मभर राहतात: कांजिण्यांचा मज्जातंतूंच्या गाठींत, सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) अस्थिमज्जेतल्या पेशींत, ईबीव्ही (एप्स्टीन-बार व्हायरस) बी-पेशी या पांढऱ्या पेशींत. त्यांना दाबून ठेवणाऱ्या टी-पेशी केमोने जातात, एटीजी (टी-पेशी मारणारं औषध) आणि स्टेरॉइडने आणखी कमी होतात. नव्या तयार व्हायला महिने लागतात.

प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या महिन्यात हर्पिस सिम्प्लेक्समुळे ओठावर पुळ्या उठतात, तोंडात व्रण येतात. ते केमोच्या व्रणांसारखेच दिसतात, म्हणून हर्पिसवरचं औषध अ‍ॅसायक्लोविर सुरुवातीपासूनच देतात. दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात एचएचव्ही-६ हा याच कुळातला विषाणू मेंदूपर्यंत जाऊ शकतो. पेशंट ताज्या गोष्टी विसरायला लागला आणि सोडियमही उतरलं, तर औषधाची गुंगी म्हणून सोडून देऊ नका.

सर्वांत जास्त लक्ष सीएमव्हीकडे हवं. आपल्याकडे बहुतेक प्रौढांच्या अंगात तो असतोच. त्याचा जोर साधारण तिसाव्या ते शंभराव्या दिवसात, म्हणजे नेमका उपचारासाठी घेतलेली पुण्यातली भाड्याची खोली सोडून सातारा-सोलापूरला परतायचे वेध लागतात तेव्हा. पेशंट जेवत असतो, हिंडत असतो, ताप नसतो, आणि रक्तात विषाणू वाढत असतो. फुप्फुसात उतरल्यावर औषध द्यायचं म्हणजे फार उशीर झालेला असतो. म्हणून किमान शंभराव्या दिवसापर्यंत दर आठवड्याला सीएमव्ही पीसीआर, म्हणजे रक्तातला विषाणू मोजणारी तपासणी. स्टेरॉइड चालू असतील तर त्यापुढेही.

तपासणी एकाच लॅबमध्ये करा. एक लॅब प्लाझ्मा (रक्तातला पेशी काढलेला द्रव) वापरते, दुसरी पूर्ण रक्त. पूर्ण रक्तातला आकडा सहसा जास्त येतो, त्यामुळे दोन रिपोर्टची तुलनाच होत नाही. ३०० चे ५०० झाले तर तो फरक मोजणीतलाही असू शकतो. ३०० चे १,५०० झाले तर विषाणू खरोखर वाढतोय. रक्त आठवड्याच्या सुरुवातीला द्या, म्हणजे रिपोर्ट रविवारी अडकणार नाही. गावी राहून देणार असाल तर नमुना कुठे जातो आणि रिपोर्ट किती दिवसांनी येतो, हे निघण्याआधीच ठरवा.

आकडा प्रत्यारोपण युनिटने ठरवलेल्या मर्यादेवर गेला की सीएमव्हीवरचं औषध गॅन्सिक्लोविर: किलोमागे ५ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी, शिरेतून तासभर, किमान दोन आठवडे. मूत्रपिंड मंदावलं असेल तर मात्रा कमी. पहिल्या आठवड्यात आकडा वाढलेला दिसला तरी घाबरू नका, औषध लागू पडत नाही असा त्याचा अर्थ नाही. दोन आठवड्यांनंतरही चढताच राहिला तर मात्र रेझिस्टन्स (विषाणू औषधाला दाद देत नाही का) तपासावा लागतो. या औषधाने पांढऱ्या पेशी पडतात, म्हणून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आठवड्यातून दोनदा. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० खाली गेले तर औषध थांबवण्याचा किंवा फॉस्कार्नेट या दुसऱ्या औषधावर जाण्याचा विचार होतो, आणि फॉस्कार्नेटवर असताना क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचा आकडा), कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम सांभाळावं लागतं. पोटातला सीएमव्ही रक्तात दिसेलच असं नाही. जुलाब थांबत नसतील तर एंडोस्कोपी करून तुकडा तपासायला द्यावा लागतो.

आता सर्वांत जास्त होणारी चूक. गॅन्सिक्लोविर चालू असताना अ‍ॅसायक्लोविर थांबवतात, कारण गॅन्सिक्लोविर हर्पिस आणि कांजिण्यांनाही आवरतं. कोर्स संपला की ती गोळी पुन्हा सुरू करायची राहून जाते. सीएमव्ही होऊ नये म्हणून लेटरमोविर घेणाऱ्यांचा तर गैरसमजच होतो: ते फक्त सीएमव्हीवर चालतं, त्याच्याबरोबर अ‍ॅसायक्लोविर लागतेच. शिवाय लेटरमोविरने टॅक्रोलिमसची (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) पातळी वाढते आणि व्होरिकोनॅझोलची (बुरशीवरचं औषध) घटते, दोन्ही मोजून घ्या.

अ‍ॅसायक्लोविर किमान वर्षभर घ्यायची, टॅक्रोलिमस किंवा स्टेरॉइड चालू असतील तर आणखी पुढे. बरं वाटतंय म्हणून ती आपल्या मनाने सोडली की कांजिण्यांचा तोच विषाणू जागा होऊन नागीण उठते. गावाकडे नागिणीवर काव लावतात, मंत्र घालतात. या पेशंटसाठी त्यात गेलेला एकेक दिवस महागात पडतो. कधी अंगावर एकही पुळी नसते, फक्त पोटात असह्य कळा आणि लिव्हरचे आकडे चढलेले. कांजिण्यांचा विषाणू आतल्या अवयवांत पसरला की असं होतं. अशा वेळी पित्ताची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री युनिटला फोन करा आणि प्रत्यारोपण कधी झालं, अ‍ॅसायक्लोविर कधीपासून बंद आहे, हे आधी सांगा.