दोरा, वारा आणि अकरा तारीख

दुपारी काहींना झोप येते, काहींना नकाशा खुणावतो. मी दुसऱ्यांपैकी. पण दोन विमानतळांमधलं अंतर सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजण्यात अर्थ नाही. टोकियो-न्यूयॉर्क रेघ मारली तर ती पॅसिफिकच्या मधोमध जाते. गोलावरची सगळ्यात जवळची वाट मात्र अलास्कावरून जाते. त्यासाठी पृथ्वीगोल आणि शिवणाचा दोरा हवा. ३० सेंमी व्यासाच्या गोलावर विषुववृत्त साधारण ९४ सेंमी भरतं, म्हणजे एका सेंटिमीटरला सुमारे ४२५ किलोमीटर. लंडन ते न्यूयॉर्क दोरा ताणला की १३ सेंमी. साडेपाच हजार किलोमीटर! खरं अंतर ५,५४० च्या आसपास. दोरा सुतीच घ्यावा, ताणला जाणारा गंडवतो. दोन मिलिमीटर सरकला तरी ८५ किलोमीटरची चूक.

वेळ काढायला बसलं की नुसता भागाकार पुरत नाही. ताशी ९०० ने भागल्यास सहा तास दहा मिनिटं येतात. पण तो वेग दहा-अकरा किलोमीटर उंचीवरचा, चढता-उतरताना तो नसतो. शिवाय वेळापत्रकातली वेळ मोजतात ती विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंत. धावपट्टीपर्यंतचं रांगणं आणि तिथली रांग धरून अर्धा-पाऊण तास सहज वाढतो. वर उशीर दिसू नये म्हणून कंपन्या थोडा वेळ आधीच जास्तीचा धरून ठेवतात. त्यामुळे ‘वेळेआधी पोचलो’ या घोषणेवर टाळ्या वाजवाव्यात असं मला कधी वाटलेलं नाही.

मग वारा. त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट प्रवाह हिवाळ्यात ताशी २०० किलोमीटरच्याही पुढे जातात. म्हणून लंडनहून न्यूयॉर्कला जायला आठेक तास आणि यायला सातच. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वारा पाठीशी घेऊन एक बोईंग ७४७ पाच तासांच्या आत लंडनला उतरलं होतं.

आकाशालाही कुंपणं असतात, हे दोऱ्याला कुठून कळणार? २०२२ मध्ये रशियाचं आकाश बंद झालं आणि हेलसिंकी-टोकियो हा नऊ-साडेनऊ तासांचा प्रवास तेराच्या घरात गेला.

तिकिटावरच्या दोन वेळांची सरळ वजाबाकी करणाऱ्यांशी वाद घालू नये. त्या दोन्ही स्थानिक असतात. आधी यूटीसीत, म्हणजे जगभराच्या सामायिक प्रमाणवेळेत आणायच्या, मग वजा करायच्या. जूनमध्ये सिडनीहून सकाळी दहाला निघालेलं विमान साडेतेरा तास उडून त्याच दिवशी सकाळी साडेसहाला लॉस एंजेलिसला टेकतं. जानेवारीत हाच हिशोब साडेचारवर येतो, कारण सिडनीची घड्याळं एक तास पुढे गेलेली असतात आणि लॉस एंजेलिसची मागे आलेली. परतीला दहा जूनच्या रात्री साडेदहाला बसलात आणि पंधरा तास लागले, तर उतराल बारा तारखेच्या सकाळी साडेसहाला.

अकराला वाढदिवस असेल तर तिकीट बदलून घ्या.