लुसीन रस्टमध्ये आणताना, नोंद सातवी : ‘हुतात्मा’ का तुटला

लुसीन हे जावात लिहिलेलं शोधाचं सॉफ्टवेअर मी रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत उतरवतोय. मागच्या नोंदीत टोकनायझरपुढे, म्हणजे मजकुराचे शब्द (टोकन) पाडणाऱ्या भागापुढे, मी ‘झालं’ अशी खूण केली होती. ती आज खोडतोय.

रविवारी मामा घरी आले होते. सोलापूरबद्दल त्यांनी वर्षानुवर्षं वह्यांत उतरवून ठेवलंय : गड्ड्याची जत्रा, पूर्व भागातले माग, १९३० च्या मार्शल लॉच्या ऐकीव गोष्टी, शिवाय जपून ठेवलेल्या कार्यक्रमपत्रिका. ते सगळं मी आणि मामेबहिणीनं मिळून टाइप केलंय आणि तोच माझा चाचणीचा मजकूर आहे. मामा म्हणाले, ‘हुतात्मा’ शोध बघू. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे, सारडा या चौघांची पानं आली. पण त्यांच्या मधे मधे सत्कार समारंभांच्या निमंत्रणपत्रिका! “अरे, ह्यात हुतात्मा कुठंय?” मामांनी विचारलं. कुठंच नव्हता.

टोकन छापून पाहिले. ‘हुतात्मा’चे दोन तुकडे झाले होते : ‘हुतात’ आणि ‘मा’. निमंत्रणपत्रिकेत ओळीओळीला ‘मा. अध्यक्ष’, ‘मा. आमदार’. मजकूर आखूड आणि शब्द पुन्हा पुन्हा आलेला, त्यामुळे बीएम-२५ या गुणांकनाच्या सूत्रानं नियमाप्रमाणे भरघोस गुण दिले. गुणांकन बरोबरच होतं, शब्दच चुकीचा पोचला होता.

चूक माझीच. मूळ जावा कोडमधला स्टँडर्ड टोकनायझर युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकाच्या) शब्दसीमेच्या नियमांनी, म्हणजे परिशिष्ट २९ नुसार चालतो. मी रस्टमध्ये जवळची वाट धरली : अक्षर-अंक आहे का हे सांगणारं तयार फंक्शन वापरायचं आणि ‘नाही’ म्हणालं की तिथं तोडायचं. ते फंक्शन काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांना हो म्हणतं, पण हलन्ताला (अक्षराचा पाय मोडणाऱ्या चिन्हाला) नाही म्हणतं. म्हणून ‘सोलापूर’ अखंड राहिलं आणि जोडाक्षर आलं की शब्द फुटला. ‘सिद्धेश्वर’चे तर तीन तुकडे : ‘सिद’, ‘धेश’, ‘वर’. शोधही त्याच तुकड्यांनी व्हायचा आणि तिन्ही तुकडे जुळणारं पान अर्थातच सर्वांत वर यायचं. पहिले पाच निकाल बरोबर दिसत होते, म्हणून इतके दिवस पत्ता लागला नाही. खाली स्क्रोल केलं असतं तर ‘वर सांगितल्याप्रमाणे’वाली पानं तेव्हाच दिसली असती.

पोर्ट करणाऱ्यांनी, म्हणजे एका भाषेतलं कोड दुसरीत आणणाऱ्यांनी, हे ध्यानात ठेवावं, कारण सारख्या नावाची फंक्शनं भाषेगणिक वेगळं उत्तर देतात. जावाचं अक्षर-किंवा-अंक तपासणारं फंक्शन मात्रेलाही नाही म्हणतं. पायथनच्या रेगेक्समधला (नमुना देऊन मजकूर शोधायच्या सोयीतला) ‘शब्दातलं अक्षर’ हा वर्गही मात्रेवर तोडतो. रस्टच्या रेगेक्स क्रेटमधला (क्रेट म्हणजे तयार कोडचा संच) तोच वर्ग मात्र हलन्तासकट सगळं धरून ठेवतो. ओळ न ओळ इमानदारीनं उतरवली तरी मराठी शब्द वेगळाच निघू शकतो.

दुरुस्ती म्हणून आधी युनिकोडच्या नियमांचं तयार क्रेट लावलं. निकाल सुधारले, वेग मात्र पडला. मग लक्षात आलं की देवनागरीचा विभाग बरोबर १२८ कोडपॉइंटांचा, म्हणजे युनिकोडमधल्या अक्षर-क्रमांकांचा, आहे, २३०४ ते २४३१, आणि रस्टमध्ये १२८ बिटांचा पूर्णांक असतो! अख्खी लिपी एका संख्येत बसली : शब्दात चालणाऱ्या चिन्हाचं बिट चालू, दंड आणि दुहेरी दंडाचं बंद. कोडपॉइंटमधून २३०४ वजा करायचे, तेवढं सरकवायचं, एक बिट तपासायचं. बाकी लिप्यांसाठी क्रेट आहेच. शब्द तोडण्याचा वेळ निम्म्याच्याही खाली आला. हे मोजमाप पहाटे पाचचं. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी पारा चाळिशीच्या वर असतो, लॅपटॉप तापून स्वतःच वेग कमी करतो, त्या आकड्यांवर विसंबू नये.

गुणांकनाचं थोडक्यात. माझे गुण लुसीनच्या बरोबर २.२ पट येत होते. मी बीएम-२५ चं पुस्तकी सूत्र घेतलं होतं आणि लुसीननं आठव्या आवृत्तीत अंशातला ‘के१ अधिक १’ काढून टाकलाय. के१ हा शब्द पुन्हा पुन्हा आल्याचं वजन ठरवणारा आकडा, तो १.२, म्हणून २.२. क्रमाला त्यानं धक्का लागत नाही. एखादा शब्द ज्या पानांत येतो त्यांच्या क्रमांकांमधली अंतरं आता १२८ च्या गठ्ठ्यांत बांधतोय : गठ्ठ्यातलं मोठ्यात मोठं अंतर ३१ असेल तर प्रत्येकी ५ बिट, म्हणजे प्रत्येकी एका बाइटाच्या १२८ ऐवजी ८० बाइट.

चुकीच्या स्पेलिंगच्या शोधात एक भारी गोष्ट सापडली. मी शब्दांमधला फरक बाइटांत मोजत होतो. एक चूक माफ ठेवली की ‘पुल’ टाकून ‘पूल’ मिळायचा, पण ‘कवि’ टाकून ‘कवी’ मिळायचा नाही. यूटीएफ-८ मध्ये (कोडपॉइंट बाइटांत लिहायच्या पद्धतीत) शेवटच्या बाइटात ६४ किमती बसतात. ऱ्हस्व वेलांटी २३६७ वर, दीर्घ २३६८ वर आणि २३६८ ला ६४ नं पूर्ण भाग जातो. दोन वेलांट्यांच्या मधूनच बाइटाची हद्द गेलीय, त्यामुळे दोन बाइट बदलतात. दोन्ही उकार मात्र एकाच बाजूला. लुसीन हा फरक कोडपॉइंटांत मोजतं आणि मग तो तपासणारं यंत्र (ऑटोमॅटन) बाइटांवर उतरवतं. तो भाग मी फालतू गुंतागुंत समजून गाळला होता. आता तो जसाच्या तसा लिहितोय.

सध्या अडलोय ते अर्ध्या ‘र’वर. बहीण फोनवर ‘दऱ्या’ लिहिते तेव्हा ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह येतं, माझ्या कीबोर्डवरून नुक्त्याचा ‘ऱ’ येतो. दिसायला एकच, इंडेक्समध्ये (शोधाच्या सूचीत) दोन, आणि युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) त्यांना एक करत नाही. जोडचिन्ह सरसकट गाळलं तर बहिणीच्या डोंगरातल्या ‘दऱ्या’चा समुद्राचा ‘दर्या’ होतो. म्हणून आधी ‘र’, हलन्त, जोडचिन्ह या तिघांचं ‘ऱ’ अधिक हलन्त करायचं आणि मगच उरलेली जोडचिन्हं काढायची, असा क्रम लावलाय. काल रात्री दोन्ही शब्दांची चाचणी हिरवी झाली. अशा आणखी जोड्या कुणाकडे असतील तर हव्या आहेत. ‘सोलापूर’ आणि ‘सोलापुरात’ एकत्र कसे आणायचे, ते आठव्या नोंदीत.