गोठा गोल कशासाठी? : तुम्ही विचारलंत म्हणून

अमेरिकेतील जुन्या गोल गोठ्यांविषयी मी बोलू लागलो, की हा आकार कशासाठी, असे हमखास विचारले जाते. सैतानाला लपायला कोपरा मिळू नये म्हणून, ही तिकडची दंतकथाही कोणीतरी ऐकलेली असते. माझ्या मते खरे कारण वैरणीच्या ओझ्यात आहे.

मॅसॅच्युसेट्समधील हॅनकॉक येथे शेकर या एकत्र राहून सामायिक शेती करणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी १८२६ साली बांधलेला दगडी गोठा पाहावा. वैरणीची गाडी वरच्या मजल्यावर शिरे, कडेकडेने फिरत मधल्या खोल जागेत गवत टाकी आणि फेरी पुरी करून त्याच दाराने बाहेर पडे. गाडी ओढणाऱ्या जनावरांना मागे रेटण्याची वेळच येत नसे. खाली सुमारे पन्नास गाई त्या गंजीकडे तोंड करून उभ्या असत, त्यामुळे एकाच जागेवरून सर्वांपुढे वैरण टाकता येई. गाय तोंडाशी अरुंद आणि मागे रुंद. वर्तुळात तिच्या वाट्याला येणारी जागाही नेमकी तशीच असते. मला या रचनेतील ही सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

त्याआधी, १७९० च्या दशकात, जॉर्ज वॉशिंग्टन यांनी आपल्या शेतावर गुलाम सुतारांकडून सोळा बाजूंचे मळणीघर बांधून घेतले होते. आपल्या खळ्यात तिवड्याभोवती बैलांची पात फिरे, तसे तेथे वरच्या मजल्यावर घोडे गव्हावरून फिरत आणि फळ्यांच्या फटींतून दाणे खाली पडत.

कुटुंबाच्या शेतीवर हा आकार खऱ्या अर्थाने पोहोचला तो विस्कॉन्सिनचे कृषिशास्त्रज्ञ फ्रँकलिन किंग यांच्यामुळे. १८८९ मध्ये भावासाठी आखलेल्या गोठ्याच्या मधोमध त्यांनी मुरघासाचा, म्हणजे आंबवून टिकवलेल्या हिरव्या चाऱ्याचा, सायलो (उंच कोठार) उभा केला. पुढे इलिनॉय विद्यापीठानेही असे गोठे बांधून त्यांचा पुरस्कार केला. हिशेब सरळ होता : ६० फूट व्यासाच्या गोठ्याला सुमारे १८८ फूट भिंत पुरते, तर तेवढ्याच क्षेत्रफळाच्या ३६ फूट रुंदीच्या आयताला सुमारे २२९ फूट लागते.

मग ते मागे का पडले? लाकूड वाचले तरी वळणदार कामाला कसबी सुतार लागे, आणि मधल्या भागात उजेड कमी पोहोचे. पण मोठी अडचण वाढीची होती. गाई वाढल्या की लांबट गोठ्याला दोन खण जोडता येतात. वर्तुळाला ते जोडता येत नाहीत, आणि विसाव्या शतकात दुग्धव्यवसाय करणाऱ्या बहुतेक कुटुंबांना गाई वाढवाव्याच लागल्या.