बाप्याची जात

पाळणा म्हणून झाला, घुगऱ्या वाटून झाल्या आणि नेमकं तेव्हाच बाळानं भोकाड पसरलं. त्याच्या बापानं, म्हणजे माझ्या भाच्यानं, त्याला खांद्यावर घेतलं, तर एक मावशी तिकडून ओरडल्या, “अरे, दे तिच्याकडे! बाप्याच्या जातीला नाही जमायचं ते.”

त्यानं दिलं नाही. एका हातानं मान सावरत येरझाऱ्या घालत राहिला.

ते वाक्य मात्र दिवसभर माझ्या डोक्यातून जाईना. मग एक अभ्यास आठवला. फिलिपिन्समधल्या सेबूत सहाशेहून जास्त तरुणांची काही वर्षं पाहणी झाली होती, २०११ मध्ये निष्कर्ष छापून आले. आधी टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक जास्त असलेल्यांना जोडीदार आणि मूल लाभण्याची शक्यता जास्त. पण बाप झाल्यावर त्यांचंच टेस्टोस्टेरॉन चांगलं घसरलं. रोज तीन तास किंवा जास्त वेळ मुलाचं करणाऱ्यांत ते आणखी कमी! (‘मर्दानी ताकद’वाल्या जाहिरातदारांनी हे वाचू नये.)

म्हणजे बाप्याचं शरीरही बाळाबरोबर बदलतं.

मग बाळंतीण माहेरी आणि बाप रविवारचा पाहुणा, या आपल्या रीतीत त्या शरीराला बाप व्हायला सवड कधी मिळायची?